३८१६५४७२९० : हे उत्तर कागद-पेनाने काढता येतं का?

सातवीची आई : मुलीच्या क्लासच्या ग्रुपवर कोडं आलंय. ० ते ९ हे दहाही अंक एकेकदाच वापरून दहा अंकी संख्या करायची. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला ३ ने, असं करत अख्ख्या संख्येला १० ने नि:शेष भाग गेला पाहिजे. उत्तर ३८१६५४७२९०, आणि दुसरं नाहीच म्हणे. पडताळलं, बरोबर आहे. पण शोधायचं कसं? बाई म्हणतात, "विचार करा." तो रात्री अकरापर्यंत केला.

कोडवाला : पायथॉनमध्ये चार-पाच ओळी. ३६,२८,८०० मांडण्या तपासायच्या, एकच उरते.

खडूफळा : ताईंनी "कसं" विचारलंय. वही घ्या.

शेवटी ०, पाचव्या जागी ५. सम जागांवर सम अंक, म्हणून विषम जागांवर १, ३, ७, ९ उरले. इथवर पोरं आपली आपण येतात, मग ४ च्या कसोटीला अडतात. तिसरा अंक विषम आहे ना? मग चौथा २ किंवा ६ च हवा (१२, १६, ३२, ३६... बघा). आठवाही तसाच. म्हणजे ४ आणि ८ गेले दुसऱ्या नि सहाव्या जागी.

आता ३. पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांचीही, म्हणून चौथ्या-पाचव्या-सहाव्याचीही. मध्ये ५ ठाण मांडून आहे. तेव्हा तिथे २५८ किंवा ६५४. कोडं इथेच फुटलं.

२५८ धरलं तर दुसरा ४, आठवा ६. ४ च्या दोन्ही बाजूंना १ आणि ७ च चालतात. सातवा-आठवा मिळून ८ ने भाग जायला हवा, म्हणून ९६. उमेदवार १४७२५८९ आणि ७४१२५८९. ७ ने भागल्यावर बाकी ६ आणि २. दोन्ही बाद.

६५४ धरलं तर दुसरा ८, आठवा २, सातवा ३ किंवा ७. आठ उमेदवार निघतात. मुलीलाच काढू द्या, आणि आठही ७ ने भागायला लावा. ३८१६५४७ = ७ × ५४५२२१, हा एकच टिकतो. ९ ची काळजी नको, १ ते ९ ची बेरीज कशीही मांडली तरी ४५.

सातवीची आई : सर, ८ च्या कसोटीला शेवटचे तीन अंक बघतात ना? तुम्ही दोनच घेतलेत.

खडूफळा : सहावा अंक सम आहे. म्हणजे शतकस्थानी २००, ४००, ६०० किंवा ८००, आणि २०० = ८ × २५. ते सोडूनच द्यायचं.

कोडवाला : अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ही साखळी २५ अंकांपर्यंत जाते : ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. २५ अंकी अशी ही एकच. पुढे कुठलाही अंक जोडा, २६ ने भाग जात नाही.

खडूफळा : ही मात्र वहीवर नको. इथे तुमचा पायथॉनच बरा.