यजमानांच्या मूत्रवाहिनीत स्टेंट आहे आणि खडाही तिथेच आहे. आषाढीपर्यंत थांबता येईल का?

नमस्कार. आम्ही सोलापूरला अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीच्या जवळ राहतो. माझे यजमान ४६ वर्षांचे असून टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. एप्रिलच्या मध्यात त्यांच्या डाव्या कुशीत असह्य कळा येऊ लागल्या, त्याच रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि त्यांना एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. सीटी स्कॅनच्या अहवालानुसार डाव्या मूत्रवाहिनीच्या (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या मार्गाच्या) वरच्या भागात ९ मिलिमीटरचा खडा अडकला आहे, त्याची घनता १२५० हाउन्सफील्ड युनिट आहे आणि लघवी तुंबल्यामुळे किडनीला मध्यम सूज आली आहे. किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन तेव्हा १.९ होते. डॉक्टरांनी भूल देऊन डीजे स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी नळी, टाकला, सलाइनमधून प्रतिजैविके दिली, ताप उतरला, क्रिएटिनिन १.१ वर आले आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर मला समजले की खडा काढलेलाच नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुर्बिणीतून लेझरने खडा फोडण्यासाठी या, असे डॉक्टरांनी तोंडी सांगितले होते, परंतु डिस्चार्ज कार्डावर ‘डावीकडे डीजे स्टेंट’ एवढीच एक ओळ आहे आणि पुढील भेटीच्या रकान्यात तारखेऐवजी ‘गरज वाटल्यास’ असे लिहिले आहे. आता मे अर्धा सरला. कळा थांबल्यामुळे यजमानांच्या दृष्टीने आजार संपला आहे. ते दरवर्षी दिंडीबरोबर पंढरपूरला पायी जातात. त्यामुळे पुढचे जे काही करायचे ते आषाढी झाल्यावर, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. सासूबाई त्यांना रोज सकाळी कुळथाचा काढा देतात आणि काढ्याने खडा विरघळतोच आहे, तर ती नळी तेवढी काढून आणावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्रास अगदीच थांबला आहे असेही नाही. तासा-दीड तासाने लघवीला जावे लागते आणि लागली की धीर धरवत नाही. लघवी करताना डाव्या कुशीत खालून वर चढत गेल्यासारखी कळ येते. ते एक हात भिंतीला टेकून आणि दुसरा कमरेवर दाबून उभे राहतात, असे मी पाहिले आहे. पाळी संपवून घरी आले की लघवी गुलाबी होते आणि सकाळपर्यंत पुन्हा स्वच्छ होते. रात्री घेण्यासाठी टॅमसुलोसिनची (मूत्रमार्गाचे स्नायू सैल करणारी) गोळी दिली होती, ती चक्कर येते म्हणून त्यांनी परस्पर बंद केली. कारखान्यात जेवढे उत्पादन तेवढी मजुरी असल्यामुळे माग सोडून वारंवार बाहेर जाणे परवडत नाही, म्हणून त्यांनी पाणी पिणेच कमी केले आहे, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढील गोष्टींवर मार्गदर्शन करावे. स्टेंट असताना असा त्रास होणे स्वाभाविक आहे, की नळी जागेवरून सरकली आहे? आषाढीपर्यंत, म्हणजे स्टेंट टाकल्यापासून तीन महिने उलटेपर्यंत, थांबण्यात कोणता धोका आहे? चिरफाड न करता बाहेरून लहरी देऊन खडा फोडतात असे ऐकले आहे. ते लेझरपेक्षा बरे नाही का? आणि नातेवाईक पुण्याला नेण्याचा आग्रह करत आहेत. दर तासाला लघवीला जाणाऱ्या माणसाला अडीचशे किलोमीटरवर नेण्याची खरोखरच आवश्यकता आहे का? निर्णय आमचे डॉक्टरच घेतील, परंतु त्यांच्यापुढे बसताना काय विचारायचे हे मला ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे.

प्रतिसाद १

ताई, मी मूत्ररोग विभागात अनेक वर्षे परिचारिका होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. प्रत्यक्ष तपासणीला हा पर्याय नाही.

त्याच दिवशी खडा का काढला नाही, याचे उत्तर तापात आहे. खड्याच्या वर लघवी तुंबलेली असून त्यात जंतुसंसर्ग झालेला असेल, तर दुर्बीण घालून दाबाने पाणी सोडले की ते जंतू किडनीतून थेट रक्तात जाऊ शकतात आणि रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचतो. म्हणून अशा वेळी आधी फक्त लघवीला वाट करून देतात, एक तर आतून स्टेंट टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी बसवून, आणि खड्याला हात लावतात तो संसर्ग आटोक्यात आल्यावर. तुमच्या डॉक्टरांनी केले ते योग्यच होते; मात्र तारीख लिहून न देणे मला पटलेले नाही.

स्टेंट ही साधारण दोन मिलिमीटर जाडीची, बाजूंना छिद्रे असलेली मऊ नळी असते. तिचे एक वळलेले टोक किडनीत आणि दुसरे मूत्राशयात राहते. पूर्वीच्या सरळ नळ्या जागेवरून निसटत असत. दोन्ही टोकांना वळण असलेल्या नळीचे वर्णन अमेरिकी शल्यविशारद रॉय फिनी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हीच पद्धत रूढ झाली. नळी खड्याच्या बाजूने जाते व लघवी नळीतून आणि नळीच्या कडेनेही उतरते. कळा थांबल्या त्या यामुळे. खडा होता तिथेच आहे.

तुम्ही वर्णन केलेला त्रास स्टेंट असलेल्या बहुसंख्य रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात होतो. खालचे टोक मूत्राशयाच्या नाजूक भागाला घासते, म्हणून घाईची लघवी लागते आणि श्रमानंतर रंग गुलाबी होतो. एरवी मूत्राशयातील लघवी किडनीकडे परत चढू नये अशी झडपेसारखी रचना तिथे असते. नळीमुळे ती उघडी राहते आणि लघवी करताना दाबाने थोडी लघवी वर जाते, तीच कुशीतली कळ. या लक्षणांवरून नळी सरकली असे म्हणता येणार नाही, आणि तरीही शंका राहिली तर साध्या एक्स-रेमध्ये नळीची दोन्ही टोके दिसतात. लघवी तुंबवून ठेवू नये, जोर करू नये. टॅमसुलोसिन स्टेंटच्या त्रासावरही उपयोगी पडते; त्याने रक्तदाब किंचित उतरतो, म्हणून गोळी झोपताना घ्यावी आणि रात्री उठताना आधी पलंगावर थोडे बसावे. तरीही चक्कर आली तर डॉक्टर दुसरे औषध देऊ शकतात, परंतु बंद केल्याचे त्यांना कळले पाहिजे. क्रिएटिनिन एकदा वाढून गेलेले आहे, त्यामुळे औषधांच्या दुकानातून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके परस्पर आणू नका. ताप, हुडहुडी, रक्ताच्या गाठी किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता आषाढीविषयी. स्टेंट सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत काढतात किंवा बदलतात. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर जशी पांढरी पुटे चढतात तसे लघवीतील क्षार नळीवर बसत जातात, आणि ज्याच्या शरीरात मुळातच खडे तयार होतात व जो पाणी कमी पितो त्याच्या नळीवर ते अधिक लवकर बसतात. नळी स्वच्छ असेल तर मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून दुर्बिणीने ती काही मिनिटांत निघते. पुटे चढलेली नळी ओढून निघत नाही. वरच्या टोकावर खडा तयार झालेला असेल तर पाठीतून किडनीत दुर्बीण घालण्याची वेळ येते, कधी नळी तुटते. नळी आहे हेच विसरून वर्षा-दोन वर्षांनी आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे एकच असायचे, की दुखत नव्हते म्हणून आलो नाही.

यजमानांना सांगायचे असेल तर असे सांगा, की ताप जाऊन महिना होत आला आहे, तेव्हा लघवीचा कल्चर (जंतूंच्या तपासणीचा) अहवाल स्वच्छ असेल तर लेझर आत्ताच होऊ शकते, आणि आत्ता झाले तर आषाढीच्या आधी नळीही निघालेली असेल. थांबले तर ते नळी घेऊन उन्हात चालतील, वाटेत दर तासाला आडोसा शोधतील आणि लघवीतून रक्त जाईल ते वेगळेच.

प्रतिसाद २

बाहेरून लहरी देण्याच्या उपचाराचा मी अनुभव घेतला आहे. शरीरात काहीही घालावे लागत नाही हा त्याचा मोठा गुण खरा, आणि १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे पहिल्या रुग्णावर तो झाला तेव्हापासून असंख्य लोकांची शस्त्रक्रिया त्याने टळली आहे. परंतु त्यात खडा काढला जात नाही, फोडला जातो. तुकडे आपले आपल्यालाच लघवीवाटे पाडावे लागतात आणि ते वाटेत अडकूही शकतात. एका वेळेस काम झाले नाही तर पुन्हा जावे लागते, तसे मला जावे लागले. घनता १००० युनिटांच्या वर गेली की यशाची शक्यता कमी होते असे मला डॉक्टरांनी सांगितले होते, आणि तुमचा आकडा १२५० आहे. स्टेंट असल्यामुळे लहरींचा परिणाम वाढतो असेही नाही.

प्रतिसाद ३

कुळथाविषयी थोडे कडक लिहितो, सासूबाईंनी राग मानू नये. कुळीथ हे उत्तम धान्य आहे, पिठले करून जरूर खावे, आणि काढ्याच्या निमित्ताने पोटात पाणी जात असेल तर तेही चांगलेच. पण लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधांनी विरघळतो तो युरिक आम्लाचा खडा, आणि त्याची घनता सहसा बरीच कमी असते. १२५० घनतेचा खडा बहुधा कॅल्शियमचा असणार, आणि असे खडे सहसा ज्या क्षाराचे असतात ते कॅल्शियम ऑक्झलेट कोणत्याही काढ्याने विरघळत नाही. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतांश आपोआप पडतात आणि त्याचे श्रेय त्या आठवड्यात जे प्यायले असेल त्याला मिळते. खडा आत ठेवून नुसती नळी काढली तर लघवी पुन्हा तुंबू शकते आणि दर वेळी कळा येतीलच असे नाही; किडनी गाजावाजा न करता निकामी होत जाते.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधील आषाढीचा मजकूर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून कल्चरसाठी लघवीचा नमुना देऊन आले. अहवाल आल्यावर आम्ही डॉक्टरांकडे जाणार आहोत. पुण्याचा प्रश्न आणि खर्चाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. शिवाय सासूबाईंनी आता टोमॅटो, दूध आणि दही बंद करायला सांगितले आहे, त्याचे काय करावे?

प्रतिसाद १

ताई, खडा मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात आहे, म्हणजे लेझर करताना तो निसटून किडनीत जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न हा, की लवचिक दुर्बीण आणि लेझर दोन्ही त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात उपलब्ध असतील का. उत्तर होय असेल तर या खड्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाण्याचे कारण मला दिसत नाही. नंतर नळी काढायला पुन्हा जावे लागते, तेव्हा घराजवळचे रुग्णालय बरे. इतके दिवस स्टेंट राहिल्याने मूत्रवाहिनी थोडी रुंदावलेली असते आणि दुर्बीण सहज वर जाते, हा त्या त्रासाचा एक फायदाही आहे.

खर्चासाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय निवडा आणि दाखल होण्यापूर्वीच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवून विचारा, की ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि नंतर नळी काढण्याचा खर्च त्याच पॅकेजमध्ये धरला आहे का.

दूध-दही बंद करू नका. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते बंद केले तर उलट जास्त ऑक्झलेट लघवीत उतरते. शेंगदाण्यात ऑक्झलेट भरपूर असते, तेव्हा सोलापुरात राहून शेंगा चटणी सोडा असे मी म्हणणार नाही, पण ती चमचाभर घ्यावी आणि दह्याबरोबर घ्यावी. मीठ मात्र खरोखर कमी करा. पापड-लोणच्यातलेही त्यात मोजा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, आणि मे महिन्यात मागावर घाम गाळणाऱ्या माणसाला त्यासाठी तीन-चार लिटर पाणी लागणे स्वाभाविक आहे. हे मालकांशी बोलल्याशिवाय जमणार नाही, म्हणून डॉक्टरांकडून तशी चिठ्ठीच घ्या. निघालेला खडा टाकून देऊ नका, तपासणीला पाठवायला सांगा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे यजमान ऐन वेळी चिडणार नाहीत. लेझरनंतर मूत्रवाहिनीला सूज येते म्हणून बहुधा नवी नळी काही दिवसांसाठी टाकतील. काही ठिकाणी तिला बाहेरून दोरा ठेवतात आणि मग ती दुर्बिणीशिवाय निघते. तसे जमेल का ते विचारून पाहा. दोरा असो वा नसो, नळी कोणत्या तारखेला काढायची हे कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय आणि त्याचा फोटो काढून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका.