हवेतून पाणी काढणारी यंत्रं: शोध की महागडा एसी?

तर्कटराव:
हवेतून पिण्याचं पाणी काढणारं यंत्र बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचं माहितीपत्रक हाती आलं. 'रोज ३० लिटर' ठळक अक्षरांत. खाली बारीक टायपात ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. गोम तिथेच आहे. अशा हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. २० अंश आणि ४० टक्क्यांना जेमतेम ७ ग्रॅम, आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं, तो ६ अंशांच्या आसपास. ज्या थंड नळ्यांवर हे पाणी धरतं, ती कॉइल त्याहून बरीच थंड करायला जावं तर बर्फ धरतो. वर लिटरला पाव ते अर्धा युनिट वीज, कोरड्या हवेत आणखी. समुद्राचं पाणी आरओने गोडं करायला हजार लिटरला ३-४ युनिट पुरतात. मग हा खटाटोप कशाला?

ओलीसुकी:
असहमत. समुद्र दाराशी आणि प्रकल्प उभा असेल तर हवा पिळत कोण बसेल? पण विहिरीत फ्लोराइड उतरलंय, नळ नाही, पाणी टँकरने येतंय, तिथे तुलना टँकरशी करा. पूर ओसरल्यावर तर विहिरी, बोअर सगळंच खराब, आणि हवा मात्र दमट.

तर्कटराव:
पुरात वीजही जाते. जनरेटरला डिझेल नेता येतं, तर पाणीच न्या की.

ओलीसुकी:
लिटरभर डिझेलवर छोटा जनरेटर साधारण ३ युनिट देतो. लिटरला अर्धा युनिट धरला तरी ६ लिटर पाणी झालं. आता सांगा, वाहून काय न्यायचं?

तर्कटराव:
हे गणित आवडलं. पण तेवढ्याच विजेत पुराचं पाणी गाळून जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याखालून काढलं तर कित्येक पट मिळेल. फ्लोराइडचा मुद्दा मात्र मान्य.

कंप्रेसरवाला:
मी एसी-फ्रिजची कामं करतो. एसीच्या पाइपातून टपकतं तेच हे पाणी, आणि ट्रेमधला बुळबुळीत थर मी रोज खरवडतो. या यंत्रात फिल्टर असतात, यूव्ही दिवा असतो, कबूल. वेळेवर बदलणार कोण? लिटरभर पाण्यासाठी चांगल्या दमट दिवशीही ७० घनमीटर हवा, म्हणजे मोठ्या खोलीतली सगळी, धुळीसकट कॉइलवरून जाते. फिल्टर चोंदला की धार आटली. आणि छोटी कंपनी उद्या गुंडाळली, तर त्या मापाचं कार्ट्रिज शोधत फिरा. (पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून चव सपक. खनिजं वरून घालतात.)

मृगजळ:
सगळे कंप्रेसरलाच धरून बसलात! २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या सच्छिद्र धातू-सेंद्रिय जाळ्यांना मिळालं, त्या रात्री कोरड्या हवेतूनही वाफ शोषतात आणि दिवसा उन्हाने तापल्या की सोडतात. तिघा विजेत्यांपैकी ओमर याघी यांनी हे वाळवंटात करून दाखवलंय.

तर्कटराव:
दाखवलंय, बरोबर. या पत्रकातलं यंत्र मात्र साधं कंप्रेसरचंच आहे.

ओलीसुकी:
तर्कटराव, कंपनीला पत्र टाकाच. २५ अंश, ५० टक्क्यांना किती लिटर, आणि लिटरला किती युनिट? उत्तर आलं तर इथे चिकटवा.

कंप्रेसरवाला:
कार्ट्रिजचंही विचारा.