गोडव्यामागचा खारटपणा

स्पिट्झ या जपानी रॉक बँडची गाणी तीस वर्षं टिकली ती गोड चालींमुळे, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. गोड चालींना जपानात कधी तोटा होता? मला वाटतं, खरी गंमत त्यांचा गायक आणि गीतकार मासामुने कुसानो याच्या शब्दांत आहे. १९९५ चं ‘रॉबिन्सन’ घ्या. सुरुवातीलाच गिटारचे ते सुटे सुटे स्वर टपटपतात, मग त्याचा किंचित पोरगेला आवाज येतो. पण अख्ख्या गाण्यात रॉबिन्सन हा शब्दच नाही! थायलंडमध्ये पाहिलेल्या एका मोठ्या दुकानाचं नाव त्यानं कामचलाऊ म्हणून दिलं आणि तेच चिकटलं. ‘चेरी’तही चेरी सापडत नाही. अर्थ पुरता हाती लागत नाही, म्हणून माणूस परत ऐकतो. निदान मी तरी.

आणखी एक, १९८७ पासून तेच चौघं आहेत. ना कोणी सोडून गेलं, ना नवा आला. बँडमध्ये हे दुर्मीळच.

(नाव कुत्र्याच्या जातीवरून. आपल्याकडे ‘पॉमेरियन’ म्हणून मिरवणारं पांढरं, भुंकरं कुत्रं बहुतेकदा स्पिट्झच असतं!)