अनुभव धागा: तुमचं हाऊस कोणतं होतं?

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मैत्रिणींनो, आपापल्या हाऊसबद्दल, म्हणजे शाळेत रंगांप्रमाणे पाडलेल्या मुलींच्या गटाबद्दल लिहा. शील्ड किती मिळाल्या ते नको, त्या रंगाने तुम्हाला कोणाशी बांधलं ते सांगा. सुरुवात मी करते.

माझी दहावी १९८८ची. मॉरल सायन्सच्या तासाला कॅथलिक मुली उठून कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला जायच्या, आम्ही बाकीच्या बाकांवरच. वर्गाचे असे दोन भाग व्हायचे, हाऊसचे कधीच झाले नाहीत. आमचं हाऊस क्लॉडिन, रंग पिवळा. आठवीत रिलेत माझ्या हातून बॅटन पडलं नि शील्ड गेली. कॅप्टन माझ्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी सगळ्यांना बसवून क्लॉडिनची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या लिऑन शहरातली मुलगी. १७९४ मध्ये, क्रांतीच्या धुमाळीत, तिच्या दोन भावांना मृत्युदंड झाला. जाताना त्यांनी तिला निरोप दिला की आम्ही क्षमा केलीय, तूही कर. पुढे १८१८ मध्ये तिने मुलींना शिकवणारा संघ स्थापला. गोष्ट संपली तरी सिस्टर माझ्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत कॅप्टनने तिचा डबा माझ्यापुढे सरकवला. क्लॉडिनला १९९३ मध्ये संतपद मिळालं, तेव्हा मला तो डबाच आठवला.

*

मुंबई, पश्चिम उपनगर. २६ जुलै २००५, मी सातवीत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर वाचलं. आम्हाला एवढंच दिसत होतं, की गेटबाहेर रस्ताच उरला नाहीये. वीज नाही, फोन नाहीत. दहावीच्या चार हाऊस कॅप्टननी हॉलचे चार कोपरे वाटून घेतले आणि लहान मुलींना बॅजच्या रंगाप्रमाणे बसवलं. माझ्याकडे पहिलीतल्या दोघी आल्या. एकीला अंधाराची भीती होती, ती रात्रभर माझ्या पिनाफोरचा पट्टा मुठीत धरून झोपली. सिस्टरांनी त्यांच्या स्वयंपाकघरातली पेज पुरवून पुरवून वाढली, पांघरायला स्टेजचे पडदे काढून दिले. पहाटेपासून पालक पाण्यातून वाट काढत यायला लागले. आमची कॅप्टन वहीतलं नाव खोडल्याशिवाय एकाही मुलीला सोडत नव्हती. आमच्या हाऊसची शेवटची मुलगी गेली, तेव्हा कुठे ती भिंतीला टेकून रडली. तिच्या घरून अजून कोणीच आलं नव्हतं.

*

मला कडू आठवणही लिहायची आहे. आमच्या शाळेत आवारात मराठी बोललं की हाऊसचा एक पॉइंट कापायचे. मी पाचवीला मराठी शाळेतून आलेली. पहिल्याच महिन्यात ग्रीन हाऊसचे अकरा पॉइंट माझ्यामुळे गेले. हा नियम चुकीचा होता, आजही मला त्याचा राग येतो. पण हाऊसमधल्या एकाही मुलीने मला बोल लावला नाही. नववीतली एक ताई वसईहून यायची, घरी कादोडी ही तिथली बोली बोलायची. ती मला रोज मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसवून इंग्रजीत बोलतं करायची. माझं चुकलं की आधी स्वतःचं जुनं चुकलेलं वाक्य सांगायची. मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेले. संध्याकाळी गावातल्या क्रुसापाशी सगळी आळी जपमाळेला जमली होती, आणि प्रार्थना चालली होती मराठीत. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझा हात घट्ट धरला.

*

मुलगी मेलबर्नला कॅथलिक मुलींच्या शाळेत आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शाळेतून प्रोजेक्ट कम्पॅशनची पुठ्ठ्याची पेटी घरी येते, गरजूंसाठी पैसे साठवायला. तिच्या हाऊसने ठरवलं, कोणी किती टाकले ते मोजायचं नाही, सगळ्या पेट्या एकाच बादलीत रिकाम्या करायच्या. मला हे फार आवडलं.

*

पाचगणी, बोर्डिंग. हाऊसमधल्या प्रत्येक मोठ्या मुलीने एका लहानीच्या वेण्या घालायच्या, अशी आमच्याकडे पद्धत होती. रिबन हाऊसच्या रंगाची. माझी आई आदल्याच वर्षी गेली होती. माझ्या वाट्याला आलेली ताई आधी कंगवा स्वतःच्या मनगटावर ओढून बघायची, दाते टोचत नाहीत ना, आणि मगच माझ्या डोक्याला लावायची. नववीत मला लहानी मिळाली, तेव्हा मीही तेच केलं. परवा नातीचे केस विंचरायला घेतले. ती म्हणाली, "आजी, आधी हातावर काय करतेस?"