शब्दचर्चा: 'इरॉटिका'ला मराठीत काय म्हणायचं? (अश्लील, चावट, तसलं, बीपी वगैरे)

सबटायटलवाली
अंधेरीतल्या एका स्टुडिओसाठी मराठी सबटायटलं करते. सध्या पॉर्नच्या धंद्यावरची एक माहितीपट-मालिका हातात आहे. त्यात एक प्राध्यापक बाई एका दमात पोर्नोग्राफी, इरॉटिका आणि ऑब्सिनिटी असे तीन शब्द वापरतात आणि तिन्हींतला फरक हाच त्यांचा मुद्दा आहे. आधी ज्याने हे काम केलं त्याने तिन्ही ठिकाणी 'अश्लील' ठोकून दिलंय. बाईंचं वाक्य आता असं वाचायला मिळतं: 'सगळंच अश्लील साहित्य अश्लील नसतं आणि अश्लील साहित्याची अश्लील साहित्याशी गल्लत करू नये.'
ओळीला जेमतेम चाळीस अक्षरं मिळतात, तेव्हा 'लैंगिक भावना उद्दीपित करणारे कलात्मक साहित्य' असलं काही सुचवू नका. बोलीत असलेला शब्द हवाय.

प्रूफवाचक
इरॉटिका = शृंगारिक साहित्य. पोर्नोग्राफी = अश्लील साहित्य. ऑब्सिनिटी = अश्लीलता. यात अवघड काय आहे?

सबटायटलवाली
'शृंगारिक' मीही आधी लिहून पाहिलं, काका. पण ते फार सोवळं वाटतं. शृंगार म्हटलं की डोळ्यासमोर नऊवारी, मोगऱ्याचा गजरा आणि बैठकीची लावणी. शिवाय शृंगारात विरहही येतो. विप्रलंभ शृंगारात तर दोघं एकमेकांच्या जवळपासही नसतात. इथे पडद्यावर माणसं चांगलीच जवळ आहेत.

चाळकरी
आमच्या गिरगावात या गोष्टीला एकच शब्द होता: बीपी. ब्लू पिक्चर. ऐंशीच्या दशकात चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे. रात्रभरात तीन पिक्चर: एक देवाधर्माचा आजीसाठी, एक मारामारीचा, एक नवा. चौथी कॅसेट ज्या घरची मंडळी गावी गेलेली असतील त्या खोलीत. तिच्यावर लेबल नसायचं, एवढीच तिची ओळख. खाली रखवालीला एक धाकटा उभा करायचा, त्याला का उभं केलंय हे न सांगता. पुढे 2013 साली रवी जाधवांचा सिनेमा आला, त्याचं नावच 'बीपी', म्हणजे 'बालक-पालक'. नाव ऐकून आमच्या पिढीचा अख्खा मजला हसला, आणि आई विचारत होती की रक्तदाबावर सिनेमा कशाला काढलाय.
पण ताई, हा शब्द तुमच्या कामाचा नाही. तिशीच्या आतल्या कुणालाही तो कळत नाही. माझा पुतण्या सरळ 'पॉर्न' म्हणतो, 'वडापाव' म्हणावं तितक्या सहज.

जुनी_पाटी
'अश्लील'बद्दल थोडं. मूळ अ-श्लील. श्लील म्हणजे श्रील, ज्याला श्री आहे, शोभा आहे ते. म्हणजे अश्लील हे मुळात 'शोभाहीन'. त्यात शरीर नाही की संभोग नाही. संस्कृत काव्यशास्त्रात हा दोष आहे आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याचे तीन प्रकार दिलेत: ज्याने लाज वाटते ते, ज्याने किळस येते ते आणि ज्यातून अमंगल सूचित होतं ते. तिसऱ्या प्रकाराने लग्नाच्या मांडवात मरणाचा उल्लेख करणं हेही अश्लील. आज आपण पहिला प्रकार ठेवला आणि बाकीचे दोन टाकून दिले.
'बीभत्स'चं तर आणखी हसू येतं. नवरसांत तो किळसेचा रस: रक्त, मांस, स्मशान. मराठी बातम्यांत मात्र 'बीभत्स नृत्य' म्हणजे कमी कपड्यांतला नाच. आणि 'उत्तान' म्हणजे मूळ अर्थाने उताणा, पाठीवर पडलेला. हल्ली कपडेही उत्तान असतात.

कोर्टपक्षी
प्रूफवाचककाका, 'पोर्नोग्राफी = अश्लील साहित्य' हे समीकरण सुप्रीम कोर्टानेच मोडलेलं आहे, आणि तेही आपल्या मुंबईच्या खटल्यात. रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल 1964 चा. उदेशी 'हॅपी बुक स्टॉल' या पुस्तकांच्या दुकानाचे एक भागीदार. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या इंग्रजी कादंबरीची पूर्ण प्रत विकली म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली खटला झाला. ते हरले. निकाल लिहिला न्या. हिदायतुल्लांनी, आणि त्यात त्यांनी फरक असा केला की मुळात कामवासना चाळवण्याच्याच हेतूने केलेलं लिखाण किंवा चित्र ते पोर्नोग्राफी; आणि तसा हेतू नसला तरी परिणाम तसा होण्याचा कल असेल तर तेही अश्लीलतेत येऊ शकतं. म्हणजे अश्लील हा मोठा डबा आणि पोर्न त्यातला भडक भाग. एक शब्द हेतूवर बोट ठेवतो, दुसरा परिणामावर.
मजा अशी की कलम 292 मध्ये 'पोर्नोग्राफी' हा शब्दच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 मध्ये नाही, 67अ मध्येही नाही. तिथे 'उघड लैंगिक कृती असलेला मजकूर' अशा धर्तीची भाषा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, 292 चं 294 झालं, पण शब्द तोच: अश्लील. थोडक्यात, अश्लील हे कुठल्या प्रकारच्या साहित्याचं नाव नाही, तो आरोप आहे. 'चोरीचं घड्याळ' आणि 'मनगटी घड्याळ' यांत जेवढा फरक, तेवढा या दोघांत.
आता मराठीतलं उदाहरण. 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टात दोषी ठरले, 1969 साली सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं आणि जाता जाता म्हटलं की समाजाचे मापदंड झपाट्याने बदलताहेत. कथेतलं अक्षर बदललं नव्हतं. कथा तीच, पण विशेषण तीन कोर्टांत दोनदा उलटलं. असल्या शब्दाने प्रकार कसा ओळखायचा?
आणि अगदी ताजं. एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं-रेखाटनं कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने ती जप्ती रद्द केली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे पुन्हा सांगावं लागलं. पुन्हा अशासाठी, की याच पदमसींवर 1954 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून खटला होऊन ते सुटले होते. सत्तर वर्षांनी त्याच शहरात, त्याच चित्रकाराच्या बाबतीत तोच शब्द.

प्रूफवाचक
मुद्दा मान्य, घड्याळही मान्य. पण मग मराठीत या प्रकाराचं साधं नाव काय? वर्णन, आरोप, चेष्टा बाजूला ठेवून नुसतं नाव.

चाळकरी
नाहीच बहुतेक. आपल्याकडे चेष्टेचे शब्द भरपूर: चावट, वाह्यात, फाजील, आंबट, हिरवट, अचकटविचकट. व्हॉट्सॲपवर नॉनव्हेज जोक. पिवळी पुस्तकं. यातलं 'चावट' तर लाडाचंही आहे. आजी नातवाला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते. प्रत्येक शब्दात एकतर हसू किंवा नाक मुरडणं.

सबटायटलवाली
यादीत सगळ्यांत जास्त चालणारा शब्द राहिलाच की: 'तसलं'. तसले पिक्चर, तसली पुस्तकं, 'मोबाइलवर तसलं काहीतरी बघत होता'. व्याकरणात हे नुसतं दर्शक विशेषण, पण कशासारखं ते कुणी सांगत नाही आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. मला हा शब्द आधी फार गोड वाटायचा. मग लक्षात आलं की 'तसली बाई'ही आपण त्याच सुरात म्हणतो. तसला पिक्चर बघणारा पुरुष मात्र 'तसला माणूस' होत नाही, फार तर आंबटशौकीन होतो. म्हणजे थोडा गमतीदार काका. ग्रीकमध्येही 'पोर्ने' म्हणजे वेश्याच. पोर्नोग्राफी म्हणजे तिच्याविषयीचं लिखाण. बघणाऱ्यासाठी तिथेही शब्द नाही.

कल्याण_स्लो
रोज लोकलने जाणारी बाई म्हणून 'अश्लील चाळे' या जोडशब्दावर माझा राग नोंदवून ठेवते. 'लोकलमध्ये तरुणीसमोर अश्लील चाळे, आरोपी अटकेत.' काय केलं त्याने? पँट काढली? अंगाला हात लावला? हस्तमैथुन केलं? बातमीत काहीही कळत नाही. तो चाळे करणारा खोडकर पोरगा वाटतो आणि समोरच्या बाईवर काय गुदरलं ते झाकलं जातं. लिहा की स्पष्ट. हस्तमैथुन हा शब्द काही कुणाला चावत नाही.
आणखी एक. कपडे नसण्याला आपल्याकडे तीन-चार शब्द आहेत आणि वाटणी पक्की आहे. चित्र असेल तर 'नग्न', लहान मूल असेल तर 'नागडं', अत्याचाराच्या बातमीत 'विवस्त्र'. सिनेमातली नटी असेल तर 'बोल्ड'! मराठीत बोल्ड म्हणजे धीट नव्हे, हे एखाद्या कोशाने आता नोंदवायला हरकत नाही.

जुनी_पाटी
साधे शब्द कुणी रुळवलेच नाहीत असं नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईतूनच 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. 'संततिनियमन' आणि 'आधुनिक कामशास्त्र' ही त्यांची पुस्तकांची नावंच पाहा, किती कोरडी आणि नेमकी. वाचक लाजत लाजत प्रश्न पाठवायचे आणि हा गृहस्थ गणिताच्या मास्तरासारखी उत्तरं द्यायचा. गणिताचे प्राध्यापकच होते म्हणा. त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. दंड झालाच. आज पोलीस मुखपृष्ठ बघून येत नाहीत, पण सोप्या भाषेत लैंगिक माहिती सांगणाऱ्यांचे व्हिडिओ अजूनही 'अश्लील' म्हणून रिपोर्ट होतात आणि खाली कमेंट असते 'मराठी संस्कृतीला हे शोभतं का'. शोभा शब्द बघा, श्लीलशी नातं अजून तुटलेलं नाही.

कोर्टपक्षी
एका जागी मात्र 'पॉर्न' अजिबात वापरू नका: मुलांच्या बाबतीत. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दप्रयोगच टाळायला सांगितलं आणि त्याऐवजी मुलांचं लैंगिक शोषण व अत्याचार दाखवणारं साहित्य अशा अर्थाचा शब्द सुचवला. संसदेने पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यातही, तसा बदल करावा असं म्हटलं. पॉर्न म्हटलं की संमतीने, पैसे घेऊन केलेलं काम असा भास होतो. मूल संमती देऊच शकत नाही. मराठी वर्तमानपत्रं 'बालअश्लीलता' लिहितात, ते तर ऐकायलाही चमत्कारिक. मूल अश्लील की काय?

कल्याण_स्लो
+1. चोरून काढलेल्या आणि पसरवलेल्या क्लिपांनाही तेच लागू. 'अश्लील व्हिडिओ व्हायरल' लिहितात. त्या मुलीचा खासगी व्हिडिओ आहे तो. अश्लील काही असेल तर तो पसरवणं.

प्रूफवाचक
चला, मग पाठवायचं काय? मी माझं मत बदलून सांगतो: पोर्नोग्राफी = पॉर्न, जसंच्या तसं. ऑब्सिनिटी = अश्लीलता. इरॉटिका = ? 'कामसाहित्य' चालेल का? छोटं आहे, समासही सरळ आहे.

चाळकरी
'कामसाहित्य' वाचून मला बांधकाम-साहित्य आठवलं. सिमेंट, वाळू, विटा.

जुनी_पाटी
'रतिसाहित्य'? 'कामुक' नको, 'कामुक नजर' म्हटलं की लगेच वाईट माणूस दिसतो. 'मादक' कॅलेंडरसाठी ठीक.

सबटायटलवाली
'रतिसाहित्य' पहिल्यांदा वाचणाऱ्याला अर्धा सेकंद अडकवेल, पण त्याच्या पुढच्याच वाक्यात बाई उदाहरण देतात, तेव्हा कळेल. ओळीत बसतंय. आज पाठवलं ते असं:

'सगळंच पॉर्न कायद्याने अश्लील ठरत नाही,
आणि रतिसाहित्याची पॉर्नशी गल्लत नको.'

मालिकेच्या वर्णनात मी 'स्पष्ट लैंगिक दृश्ये' लिहिलं होतं. क्लायंटने ते खोडून 'बोल्ड विषय' केलंय.

कल्याण_स्लो
म्हणजे सगळे बघणार.