मामांच्या फुप्फुसाला कार-टी चालेल का?

मुंबईत तयार झालेली कार-टी ही पेशींची उपचारपद्धत मामांच्या चौथ्या स्टेजच्या फुप्फुसाच्या कॅन्सरला चालेल का, असं विचारलंय. सध्या तरी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली ती बी-पेशींच्या (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ल्युकेमिया-लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरांसाठी, तीही आधीचे उपचार फसल्यावर.

यात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तातून काढतात, विषाणूच्या मदतीने त्यांत नवं जनुक घालतात आणि सलाइनसारख्या परत चढवतात. मग बी-पेशींवर असणारं सीडी19 हे प्रथिन दिसेल त्या पेशीवर त्या तुटून पडतात. निरोगी बी-पेशीही त्यात मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस निभावतो. फुप्फुसाच्या गाठीवर जे लक्ष्य सापडतं ते बहुतेकदा इतर अवयवांवरही असतं, तिथे निभाव कसा लागणार? शिवाय घट्ट गाठीत शिरून तगणं या पेशींना जड जातं.

‘कुठल्याही कॅन्सरवर सेल थेरपी’ म्हणणाऱ्यांकडे आधी मंजुरीचा कागद मागा. आणि मामांच्या बायोप्सीवर ईजीएफआर, एएलके, पीडी-एल1 या, कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तपासण्या झाल्यात का? नसतील तर पैसे आधी तिथे घाला.