वरची वाडी (गाव + मुंबई) ग्रुप : पाखाडी बंद

बंड्यादादा डोंबिवली: नमस्कार मंडळी. सकाळी एक फोटो आला माझ्याकडे, कोणी पाठवला ते विचारू नका. विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे आपल्या पायऱ्यांच्या वाटेवर, जमीन घेतलेल्या त्या शेठने सिमेंटचे खांब पुरलेत आणि तार ओढलीय, तिठ्यापासून पार वहाळापर्यंत. गावात घरं उघडी आहेत ना अजून?? एकालाही दिसलं नाही?

सुमनवैनी: दिसला. आठ दिवस झाले. तुमी गणपतीक येतास तेवा सांगूया म्हटला.

पिंट्या: 😂😂

बंड्यादादा डोंबिवली: पिंट्या हसण्यासारखं काय आहे यात. आमच्या आजीने त्या पाखाडीने हंडे वाहिलेत, जांभ्याच्या पायऱ्या झिजल्यात बघ जाऊन

भाऊ (रिटायर तलाठी): वहिवाटीचा रस्ता अडवल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत. कृपया नोंद घ्यावी.

पिंट्या: पण भाऊ तो शेठ शेतकरी कधी झाला? शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो ना? मागच्या पावसात आलेला तेव्हा भाताच्या रोपांना, तरव्याला, कोथिंबीर म्हणाला होता 😂

माई बोरिवली: पाखाडीचं होईल ते होईल, सभामंडपाच्या पत्र्याचा हिशोब कधी मिळणार ते सांगा. तीन वेळा विचारलं.

दत्ता (खजिनदार): माई हिशोब देवळात लावलेला आहे. वर्गणी कोणाकोणाची बाकी आहे ते पण लावू का?

माई बोरिवली: लावा की. आमची जीपे केली त्याचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

बंड्यादादा डोंबिवली: अरे विषय काय चाललाय! आज पाखाडी गेली उद्या देवळाची वाट जाईल. 98 ला कोकण रेल्वे सगळीकडे सुरू झाली तेव्हा आपण नाचलो, आता गाव जवळ आलं म्हणून. गाव जवळ आलं ते विकत घेणाऱ्यांना. आपण चार दिवस येतो, भजन करतो, आणि परत

सुमनवैनी: भावजी राग नको. नळ घरात इल्यापासून त्या बावीवर कोण जाता? दिवाळीनंतर पाखाडीवरचा रान कोणी मारल्यान ता विचारा. मी एकटी कोयती घेवन जातंय, कारण खालच्या मळ्यात माझी मिरची आसा. त्यातली पण अर्धी माकडांका.

पक्या दुबई: वैनी 🙏 मिरची मळा म्हणजे आता मोठा वळसा मारून जावं लागत असेल

सुमनवैनी: वहाळातून. सध्या सुको आसा म्हणान. पावसात काय करू?

भाऊ (रिटायर तलाठी): पुन्हा टाकतो, वर गेलं असेल. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 कलम 5. 6 महिन्यांच्या आत. तसेच गाव नकाशात पायवाट तुटक एका रेषेने दाखवलेली असते, रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आपली पाखाडी नकाशात आहे, मी स्वतः पाहिली आहे.

बंड्यादादा डोंबिवली: मुळात जमीन गेलीच कशी हे कोणी बोलत नाही. सामाईक सातबारा, त्यात एवढी नावं. आबांनी रोजगार हमीतल्या फळबाग योजनेत काजू लावलेली तिथे, वेंगुर्ला 4 जातीची, खड्डे मारायला आम्ही सगळी पोरं होतो मे महिन्यात. ती बाग जेसीबीने एका दिवसात सपाट. ज्यांनी व्यवहार केला ते याच ग्रुपवर आहेत, दोन निळ्या टिक दिसतात मला.

माई बोरिवली: बंड्या, मोठ्यांबद्दल असं ग्रुपवर बरं नाही.

पिंट्या: कोणी तरी टायपिंग करतंय... परत थांबलं... परत टायपिंग 🍿

नाना: मीच केला व्यवहार. लपवलं नाय. हिचं ऑपरेशन होतं तेव्हा ह्याच ग्रुपवर लिवलं होतं, हात जोडलेल्या इमोजी खूप आल्या, पैसे दोघांचे आले. आणि बंड्या, सामाईक सातबारावर माझी एकट्याची सही चालत नाय हे तुला भाऊ सांगतील. सगळ्या हिस्सेदारांनी सह्या दिल्या. तुझ्या बाबांनी पण दिली, आणि हिस्सा पण घेतला. त्यांना विचार.

दत्ता (खजिनदार): 🙏

पक्या दुबई: शांततेने घ्या सगळे

पिंट्या: बंड्यादादा ऑनलाइन आहेत 🤐

माई बोरिवली: दत्ता मी हिशोबाचं विसरले नाही.

भाऊ (रिटायर तलाठी): नाना, खरेदीखत जमिनीचं झालं, वाटेचं नाही. वाट विकता येत नाही. पुन्हा सांगतो, 1906, कलम 5, 6 महिन्यांच्या आत. आठ दिवस गेले. पण अर्ज करणाऱ्याची तिथून प्रत्यक्ष जा-ये पाहिजे. डोंबिवलीहून चालणार नाही. कोणाचं नाव घालू?

सुमनवैनी: माझा घाला. आणि भावजी तो फोटो हय टाका, अर्जाक लागतलो.